चौथा डॅश ऐकू येतो का?

रिसीव्हर १४.१०० मेगाहर्ट्झवर लावावा, मोर्ससाठीचा सीडब्ल्यू मोड निवडावा आणि तीन मिनिटं गप्प बसून ऐकावं. दर दहा सेकंदांनी पृथ्वीच्या वेगळ्या कोपऱ्यातली एखादी कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं सांकेतिक नाव, भरभर वाजते आणि तिच्यामागून एकेक सेकंदाचे चार डॅश येतात. पहिला डॅश १०० वॉटचा, दुसरा १० वॉटचा, तिसरा १ वॉटचा आणि चौथा ०.१ वॉटचा. मोबाईलची टॉर्चही याहून जास्त वीज खाते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, न्यूझीलंड, जपान, नोव्होसिबिर्स्क, हाँगकाँग, कोलंबो, प्रिटोरिया, ब्युनोस आयर्स अशा एकूण १८ ठिकाणी ही बीकन, म्हणजे खूण पाठवणारे ट्रान्समीटर, उभारलेली आहेत. तीन मिनिटांत सगळ्यांची एक फेरी पुरी होते आणि लगेच पुढची सुरू. हौशी रेडिओ संघटनांनी चालवलेली ही व्यवस्था अहोरात्र चालू असते. एखादं बीकन दुरुस्तीसाठी काही काळ बंद असतं, तेवढं गृहीत धरावं.

आज कोलंबोचे चारही डॅश स्वच्छ ऐकू येतील. उद्या त्याच वेळी दोनच येतील. परवा कॉलसाइनसुद्धा खरखरीत बुडून जाईल. कोलंबोचा ट्रान्समीटर तोच, आपल्या गच्चीवरची तार तीच, रिसीव्हर तोच. मग बदललं काय? मधलं आकाश.

कमी ताकदीच्या रेडिओ प्रयोगांचं सगळं शास्त्र या चार डॅशमध्ये आहे. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, याला क्यूआरपी म्हणतात. मोर्समध्ये ५ वॉट आणि आवाजी संभाषणात १० वॉट ही त्याची रूढ कमाल मर्यादा. बरेच जण याकडे शर्यतीसारखं पाहतात, की बघा, इतक्या कमी वॉटमध्ये इतके किलोमीटर गाठले! त्यातही मजा आहे, नाही कोण म्हणतं? पण क्यूआरपीचा खरा उपयोग मोजमापासाठी आहे. ताकद थोडी आणि कायम एकच ठेवली, की पलीकडे पोचणाऱ्या संदेशातला चढउतार बहुतेक आकाशाचाच असतो. चारशे वॉट ओतणाऱ्याला बँड, म्हणजे वारंवारतेचा पट्टा, उघडतोय की मिटतोय याचा पत्ता उशिरा लागतो. पाच वॉटवाल्याला तो आधी लागतो.

थोडा हिशेब पाहू. १०० वॉटवरून ५ वॉटवर उतरलं, की १३ डेसिबल कमी होतात. रिसीव्हरच्या काट्यावरचा एक ‘एस’ ६ डेसिबलचा धरला, तर हा फरक जेमतेम दोन घरांचा. म्हणजे १०० वॉटचा संदेश जिथे ‘एस ९’ने पोचतो, तिथे ५ वॉटचा ‘एस ७’ने पोचेल आणि ऐकणाऱ्याची काही तक्रार नसेल. उलट एकाच मार्गावर सकाळ ते संध्याकाळ आकाशामुळे पडणारा फरक सहज ३०-४० डेसिबलचा असू शकतो. त्यामुळे नवा छंद लागल्याबरोबर मोठा ॲम्प्लिफायर घ्यायला धावणाऱ्याने आधी तार नीट बांधावी. पैसा वाचेल आणि आकाशही कळेल.

आकाशाची रचना थोडक्यात अशी. साधारण ६० ते ९० किलोमीटरवर ‘डी’ थर असतो. तो दिवसा तयार होतो आणि कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. त्याच्यावर ‘ई’ थर, आणि साधारण २०० ते ४०० किलोमीटरवर ‘एफ’ थर. दूरच्या संपर्काचा खरा मालक हा ‘एफ’. त्याच्यावरून वाकून आलेली लहर एका उडीत ३-४ हजार किलोमीटर जाऊ शकते आणि जमिनीवर आपटून पुन्हा उडी मारते. हौशी मंडळींना १९१२च्या अमेरिकी कायद्याने २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर हाकललं, ते या लहरी निरुपयोगी समजून. १९२३च्या नोव्हेंबरात त्याच ‘निरुपयोगी’ टापूत, ११० मीटरच्या आसपास, अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या हौशी रेडिओवाल्यांनी याच थराच्या आधाराने अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून एकमेकांशी बोलून दाखवलं.

महाराष्ट्राची जागा या बाबतीत नशीबवान आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३मध्ये भारताचं पहिलं अग्निबाण उड्डाण करण्यासाठी केरळातलं थुंबा निवडलं गेलं ते याच कारणाने. दिवसा या विषुववृत्तावरचे इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि उत्तरेला व दक्षिणेला उतरतात. उत्तरेकडची दाटी अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात होते. आपण त्या कारंज्याच्या उतारावर राहतो. त्यामुळे युरोपातल्या पुस्तकांतली ‘हा बँड अमुक वाजता बंद होतो’ अशी वाक्यं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. वरचे बँड आपल्याकडे सूर्यास्तानंतरही रेंगाळतात, आणि संध्याकाळी, विशेषतः मार्च-सप्टेंबरच्या सुमारास, आलेला आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा थरथरतो. रिग, म्हणजे रेडिओयंत्र, बिघडली म्हणून कोणी ती उघडू नये. तो वरच्या थरातल्या बुडबुड्यांचा प्रताप असतो.

आता प्रत्यक्ष सुरुवात. आधी परवाना, मग रिग, हा क्रम उलटा करू नये. ०.२ वॉट असो की २०० वॉट, परवान्याशिवाय प्रक्षेपण बेकायदाच. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा देऊन परवाना मिळतो. त्यात जनरल आणि रिस्ट्रिक्टेड अशा दोन श्रेणी आहेत आणि बारा वर्षांचं मूलही परीक्षेला बसू शकतं. कोणत्या श्रेणीला कोणते बँड आणि किती ताकद, हे अर्ज करतेवेळी ताज्या नियमांतच पाहावं. परीक्षा होऊन परवाना हातात पडेपर्यंतचा काळ वाया घालवायचं मात्र कारण नाही. बीकन ऐकायचा वर सांगितलेला प्रयोग त्या काळासाठीच आहे. घरी रिसीव्हर नसेल, तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरून चालवता येणारा रिसीव्हर कोणालाही फुकट वापरता येतो. तिथून ऐकल्यावर निदान युरोपाचं आकाश कळेल.

यंत्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हिंडलं, की बहुतेक सुटे भाग मिळतात. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘बिट्‌एक्स’ नावाचा २० मीटर बँडचा, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, ट्रान्सीव्हर (पाठवणं आणि ऐकणं एकाच यंत्रात) आखला, तो इथल्या बाजारात जे मिळतं त्याच्यावर. परदेशी टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या चुंबकी कड्या) मिळत नाहीत म्हणून त्यांनी कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या. त्या यंत्राची ताकद सहाएक वॉट. जगभरच्या हौशी लोकांनी पुढे ते बांधलं. हाताने बांधायची इच्छा नसेल तर तयार किट आहेत. फक्त शेवटच्या लो-पास फिल्टरवर काटकसर करू नये. फिल्टर नसलेला एक वॉट आपल्या बँडवर कमी आणि दुसऱ्यांच्या बँडवर जास्त बोलतो.

तारेचं गणित सोपं आहे. १४३ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या लहरीच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. १४.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण १०.१ मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर. ७.०४ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे ४० मीटर बँडवर, २०.३ मीटर. एवढी जागा गच्चीवर नसते. तेव्हा मध्य बांबूवर उंच धरून दोन्ही टोकं उलट्या ‘व्ही’सारखी खाली आणावीत, किंवा टोकं वाकवावीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटावं. बारीक, काळसर तार त्यांना कपड्यांच्या दोरीपेक्षा जास्त खटकत नाही, पण न विचारता लावलेली तार हमखास खटकते. तार पाच-सहा मीटरवरच राहिली तरी निराश होऊ नये. अशी तार ४० मीटर बँडवर बरीचशी ऊर्जा सरळ वर फेकते आणि ती नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा अंतरांवर छत्रीसारखी खाली येते. युरोपासाठी ती कमी पडेल, इतकंच. वळवाचे ढग जमू लागले की केबल रिगपासून काढून घराबाहेर टाकावी. यात चालढकल नको.

शहरात खरा शत्रू वेगळाच. रात्री दहा वाजता बॅटरीवर चालणारा रिसीव्हर लावावा, खरखरीचा काटा कुठे आहे ते पाहावं आणि घरातला मेन स्विच बंद करावा. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर हे सगळं शांत झालं की काटा पुष्कळ वेळा दोन घरं खाली येतो. दोन घरं म्हणजे १२ डेसिबल, अर्थात समोरच्याने ५ वॉटऐवजी ८० वॉट लावल्यासारखं. मग एकेक स्विच चालू करत गुन्हेगार शोधायचा. या दुखण्याचा इतिहास मुंबईकरांच्या ओळखीचा असायला हवा. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. १८५९च्या सप्टेंबरातलं प्रचंड चुंबकीय वादळही तिथे नोंदलं गेलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली गेली. आपल्याला अलिबागला जाता येत नाही, पण चार्जर काढून ठेवता येतो.

आता प्रयोगाचा गाभा. जो टेलर हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. जोड-पल्सारच्या शोधासाठी त्यांना रसेल हल्स यांच्यासोबत १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अत्यंत क्षीण संदेश गोंगाटातून उपसून काढायचा त्यांना आयुष्यभराचा सराव. त्यांनी २००८मध्ये हौशी रेडिओसाठी ‘डब्ल्यूएसपीआर’ ही पद्धत आणली. सगळे तिला ‘व्हिस्पर’ म्हणतात, म्हणजे कुजबुज. सम मिनिटाला सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं चालणारा हा संदेश सहा हर्ट्झ रुंदीचा असतो आणि त्यात तीनच गोष्टी असतात. कॉलसाइन, ठिकाणाचा चार अक्षरी संकेत आणि ताकद. कानाला अजिबात ऐकू न येणारा, गोंगाटाच्या २८ डेसिबल खाली बुडालेला संदेशही संगणक वाचतो. जगभरचे रिसीव्हर कोण, किती जोरात ऐकू आलं हे आपोआप इंटरनेटवर टाकतात. ०.२ वॉट लावून झोपलं, तर सकाळी आपली कुजबुज कुठकुठे पोचली याचा नकाशा तयार असतो. हवेत फिरणारे हौशी फुगे तर २० मिलिवॉटच्या आसपासच्या कुजबुजीवर पृथ्वीप्रदक्षिणा करताना सापडत राहतात.

इथे चार बारीक गोष्टी प्रयोग बिघडवतात. संगणकाचं घड्याळ सेकंदभरात अचूक हवं, त्यासाठी इंटरनेट किंवा जीपीएसचा आधार घ्यावा. ठिकाणाचा संकेत खरा द्यावा. पुण्याचा तो ‘एमके६८’ आणि नागपूरचा ‘एमएल९१’. ताकद डीबीएममध्ये, म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, आणि प्रामाणिकपणे सांगावी. ५ वॉटना ३७, १ वॉटला ३० आणि २०० मिलिवॉटना २३. चौथी गोष्ट मजेशीर आहे. दोन मिनिटांत सूर काही हर्ट्झ सरकला तरी संदेश वाचता येत नाही, आणि तो सरकतो तापमानामुळे. उघड्या सर्किटवर छताच्या पंख्याचा वारा लागला तरी पुरे. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला ट्रान्समीटर उघड्यावरच्या महागड्या ट्रान्समीटरपेक्षा चांगला वागतो. पाचातल्या एका फेरीतच बोलावं, उरलेल्या चार फेऱ्यांत ऐकावं. ऐकलेलंही नोंदवलं की देवाणघेवाण पुरी होते.

नकाशावर रंगीत रेघा दिसल्या की माणूस खूश होतो आणि तिथेच चुकतो. एखाद्या दिशेला रेघ नाही म्हणजे मार्ग बंद, असं नसतं. तिकडे त्या वेळी ऐकणारा कोणी नसेल. युरोपात रिसीव्हरची गर्दी आहे, आफ्रिकेत आणि हिंदी महासागरात ते विरळ आहेत. म्हणून सर्वांत लांबची रेघ मिरवण्यापेक्षा दोन-तीन भरवशाचे रिसीव्हर निवडावेत, जवळचा एक, मध्यम अंतरावरचा एक, लांबचा एक, आणि महिनाभर त्यांचेच आकडे उतरवावेत. तारीख आणि वेळ आंतरराष्ट्रीय वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सोमवारी तार वर चढवली आणि ताकदही वाढवली, तर मंगळवारचा आकडा कशाचा ते देवही सांगू शकणार नाही.

मग हळूहळू दिवसाची लय उमगते. सकाळी १० आणि १५ मीटर बँड पूर्वेकडे उघडतात, जपान, ऑस्ट्रेलियाकडे. सूर्य पुढे सरकतो तसा दरवाजा पश्चिमेला फिरतो आणि दुपारनंतर युरोप, आफ्रिका येऊ लागतात. २० मीटर बँड संध्याकाळी युरोपासाठी हुकमी. ४० मीटर दिवसा राज्यापुरता आणि शेजारपाजारचा, कारण ‘डी’ थर त्याला दूर जाऊ देत नाही. अंधार पडला की तोच बँड खंड ओलांडतो, आणि पहाटे उजाडायच्या सुमाराला अमेरिकेची चाहूल देतो. मे-जूनमध्ये विजांच्या कडकडाटाने ४० आणि ८० मीटर हैराण करतात. खालच्या बँडचे प्रयोग हिवाळ्यासाठी राखून ठेवलेले बरे.

या लयीवर सूर्याची मर्जी चालते, आणि ती तपासायला दोन आकडे पुरतात. पहिला सौर प्रवाहाचा. १०.७ सेंटिमीटर लहरीवर कॅनडातल्या पेंटिक्टन इथे तो रोज मोजला जातो. सूर्याच्या मंद वर्षांत तो ७०च्या आसपास रेंगाळतो, २०२४मध्ये तो कित्येक दिवस २००च्या वर होता. आकडा आठवडाभर चढा राहिला तर १० मीटर बँड जागा होतो. एका दिवसाच्या उडीने फारसं काही घडत नाही. दुसरा आकडा ‘केपी’, शून्य ते नऊ. दोनपर्यंत शांत, पाचपासून वादळ.

वादळ आणि ज्वाळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. सूर्यावरच्या मोठ्या ज्वाळेचे क्ष-किरण आठ मिनिटांत येतात आणि उन्हातल्या बाजूचा ‘डी’ थर एकदम दाट करतात. आपल्याकडे दुपार असेल तर सगळा शॉर्टवेव्ह बँड मेल्यासारखा होतो. अशा वेळी अँटेना तुटली असं वाटून गच्चीवर पळत गेलेले हॅम कमी नाहीत. खालचे बँड आधी जातात आणि शेवटी परततात, त्यामुळे वाट पाहायची तर वरच्या बँडवर पाहावी. तासा-दोन तासांत गाडी रुळावर येते. चुंबकीय वादळ मात्र सूर्यावरून निघालेल्या वायूच्या लोटामुळे येतं, एक ते तीन दिवसांनी, आणि दिवस-दिवस मुक्काम ठोकतं. १० आणि ११ मे २०२४ला ‘केपी’ नऊवर गेला होता आणि लडाखमधल्या हानले इथून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. अशा वेळी आपल्याकडून सगळ्यात आधी तुटते ती अमेरिका, कारण तिकडचा जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून जातो. दक्षिणेकडचे मार्ग त्याच वेळी बऱ्यापैकी चालू राहू शकतात. पाच वॉटच्या वहीत हा फरक ठळक उमटतो.

सूर्याचं चालू चक्र, पंचविसावं, २०१९च्या डिसेंबरातल्या तळापासून सुरू झालं आणि २०२४च्या अखेरीस शिखरावर पोचलं. आता उतार लागला आहे आणि तळ या दशकाच्या शेवटाकडे अपेक्षित आहे. १० मीटरवर आज सहज मिळणारे संपर्क वर्षागणिक विरळ होत जातील, २०, ३० आणि ४० मीटर टिकून राहतील. उतार नोंदवायला याहून चांगली वेळ नाही, कारण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच तारेवर, त्याच ताकदीने केलेल्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवता येतील.

सुरुवात आज रात्रीच करता येईल. १४.१०० मेगाहर्ट्झवर बीकनची फेरी आंतरराष्ट्रीय वेळेच्या तासाच्या ठोक्यापासून दर तीन मिनिटांनी नव्याने सुरू होते. त्या फेरीत दीड मिनिट झालं की कोलंबोची पाळी येते, कॉलसाइन ‘फोर-एस-सेव्हन-बी’. पुण्याहून अंतर साधारण साडेचौदाशे किलोमीटर. किती डॅश ऐकू आले तेवढाच एक आकडा वहीत लिहावा, आणि उद्या त्याच वेळी पुन्हा.